पाहुण्याची हलकी पावलं

जोडे हातात घालूनही चालता येतं. गुडघ्यांवर बसायचं, दोन्ही जोड्यांत पंजे खुपसायचे आणि पडद्यावरचा माणूस जसं पाऊल टाकील तसे ते फरशीवर आपटायचे. टक, टक, टक. आवाज अगदी वेळेवर येतो, जोडाही खराच असतो, कुणाची चूक काढायची टाप नाही. फक्त त्यात माणूस नसतो.

हा फरक कानाने ओळखणारी माणसं त्या अख्ख्या शहरात मिळून दोन, आणि त्यातली एक खटखटताई. सिनेमात तुम्ही जे पाऊल ऐकता ते त्या नटाचं नसतं हो! चित्रीकरणाच्या गोंधळात असले बारीक आवाज धड मिळत नाहीत. मग नंतर एका बंद खोलीत कुणीतरी पडद्याकडे बघत तेच चालणं पुन्हा चालतं, आणि तो आवाज नटाच्या पायाखाली बसवतात. ताईने सव्वीस वर्षं हेच केलं होतं. राणी होऊन ती जिन्यावरून उतरली होती, चोर होऊन कौलांवरून पळाली होती. "खून किती केले त्याचा पत्ता नाही," ती म्हणायची, "पण एकदाही सापडले नाही."

तिच्या खोलीच्या भिंतींना जाड गोधड्या ठोकलेल्या होत्या. जमिनीवर चौकोन पाडलेले: एकात लाकडी फळ्या, एकात दगडी फरशी, एकात वाळू, एकात खडी, एकात लोखंडी पत्रा, कोपऱ्यात पाण्याचा टब. कपाटात त्र्याऐंशी जोड जोडे. काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला बसायचा. तो दिवसाकाठी चार शब्द बोलला तरी पुष्कळ, म्हणून सगळे त्याला मौनीबाबा म्हणत. आवाजाचा फरक ओळखणारा दुसरा माणूस तो.

आणि त्या स्टुडिओचा एक नियम होता. दिग्दर्शकाला पावलं कशी हवीत ते तोंडी सांगून चालायचं नाही. पिवळ्या कागदावर लिहायचं, खाली सही करायची. कारण दिग्दर्शक ही जात अशी, की आज "जोरात" म्हणतील आणि उद्या "मी कधी म्हणालो?" म्हणून कानांवर हात ठेवतील. पिवळा कागद भिंतीवर डकवला की कुणाला फिरायची सोय नव्हती.

अशा त्या खोलीत एका सकाळी पाहुणा आला.

बाहेरचे लोक त्याला साहेब म्हणत. पण खटखटताईच्या घरात त्याचं नाव पाहुणा. एकेकाळी तो तिच्या दादाबरोबर नाटकांना संगीत द्यायचा. म्हणजे दादा चाली बांधायचा आणि हा शेजारी बसून मान डोलवायचा. रोज यायचा, दुपारी यायचा, बरोबर ताट वाढायच्या वेळेला यायचा, आणि जेवायला बसला की उठायचं नाव नाही. नऊ वर्षं जेवला. ताईनेच त्याचं नाव पाहुणा ठेवलं होतं आणि तोही तेव्हा खो खो हसला होता. मग एक दिवस तो दादाची वही आणि टेप "बघून देतो" म्हणून घेऊन गेला, तो गेलाच. वही नाही, टेप नाही, पाहुणा नाही. दोन वर्षांनी वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला, मोठा माणूस झाल्याचा.

"ताई!" पाहुणा दोन्ही हात पसरून म्हणाला. "पावलं तुमचीच हवीत म्हणून मी हट्ट धरला. शेवटी घरचं माणूस ते घरचं माणूस."

पूर्वी ती त्याला अरेतुरे करायची. आता म्हणाली, "बसा साहेब." त्या अहोजाहोत मान एवढासाही नव्हता, पण पाहुण्याला तो ऐकू आला असावा. खूश होऊन बसला.

सिनेमाचं नाव होतं 'निळ्या घोड्याची झोप'. सबंध सिनेमाभर कुणी झोपत नाही, आणि घोडा एकदाच येतो, तोही लाल. पाहुणा स्वतःच नायक. पांढरा सूट, पांढरे बूट. तो छतावरून उलटा चालतो, न्यायालयात समुद्र शिरतो आणि न्यायाधीश लाटांवर नाचतात, दोनशे बायका आरशातून बाहेर येऊन एका सुरात गातात, शहरातल्या सगळ्या खिडक्या पापण्यांसारख्या मिटतात. खोटं कशाला बोला, चित्रं देखणी होती. डोळे फाटून बघत राहावं अशी. ताई पहिली पंधरा मिनिटं तशी बघतही राहिली.

मग पहिलं गाणं लागलं.

साठ वादकांचा ताफा होता. व्हायोलिनं, कर्णे, ढोल, काय म्हणाल ते. पण ताईला त्या सगळ्याच्या खाली एक जुना पियानो ऐकू आला. दादाच्या घरच्या पियानोची मधली एक पट्टी मुकी होती, दाबली तर नुसती लाकडाची टक्क. दुरुस्त करायला नवा भाग मिळेना, म्हणून दादाने आपल्या सगळ्या चाली तो सूर टाळून बांधल्या होत्या. त्या सुराच्या कडेने वळसा घालून जायच्या त्या, घरातलं माणूस झोपलेलं असताना आपण जातो तशा. आणि आता साठ वादक, हातात धडधाकट वाद्यं असलेले, तोच वळसा घालून जात होते. एकदा नाही, नऊच्या नऊ गाण्यांत.

खटखटताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काचेपलीकडे मौनीबाबाने तिच्याकडे बघितलं आणि तो चक्क बोलला. "दिसायला झकास आहे. पण आत काय आहे?"

"आत दादा आहे," ताई म्हणाली.

सिनेमाच्या शेवटी नावं आली. संगीताखाली पाहुण्याचं नाव. कथेखाली त्याचं. कल्पनेखालीही त्याचं, म्हणजे कल्पना ही काही वेगळी वस्तू असल्यासारखं. दादाचं नाव कुठेही नव्हतं. आभाराच्या यादीतसुद्धा नव्हतं, जिथे पाहुण्याच्या कुत्र्याचं होतं.

चहा प्यायला म्हणून पाहुणा व्हरांड्यात आला तेव्हा तिने सरळ विचारलं. "एक ओळ टाका साहेब. चाली दादाच्या आहेत. एकच ओळ, बाकी सगळं तुमचं तुम्हाला लखलाभ."

पाहुण्याने कप बशीत ठेवला. राग आला नाही त्याला, हेच ताईला सगळ्यात जास्त झोंबलं. समजूत घालावी तसा हसला. "ताई, सुरांवर काय कुणाचं नाव कोरलेलं असतं? ते हवेत असतात. मी त्यांना घर दिलं. तुमच्या दादाने नुसत्या वहीत कोंडून ठेवले असते." मग आवाज खाली आणून, "कसा आहे तो? अजून शाळांमधले पियानोच लावत फिरतो ना? छान. प्रत्येकाला आपापलं काम."

मेल्या, ताईच्या तोंडावर आलं होतं, माझ्या हातचं नऊ वर्षं गिळलंस! पण तिने मिठाची गुळणी धरली. तिथे तोंड उघडलं असतं तर दुसरी कुणीतरी पावलं टाकायला आली असती, आणि ताईच्या हातात काही म्हणून उरलं नसतं.

घरी दादा दिव्याखाली पियानोच्या तारा पुसत बसला होता. लहानपणीच्या तापात त्याचा डावा पाय आखडला तो आखूडच राहिला. त्या बुटाला दोन इंची तळ जास्त. तिने सगळं सांगितलं, नऊ गाणी, साठ वादक, कुत्र्याचं नाव. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे गं चिमणे."

"काय जाऊ दे?"

"वाजल्या ना? लोक ऐकतील ना? माझ्या वहीला वाळवी लागली असती." मग जरा थांबून, "तिसऱ्या गाण्यात कर्णे आहेत म्हणालीस. चांगले वाजतात?"

"चांगले वाजतात," ताई म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. 'जाऊ दे' हे दोन शब्द ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. शाळेतली पोरं त्याच्या मागे लंगडत यायची तेव्हाही जाऊ दे. लग्न मोडलं तेव्हाही जाऊ दे. देवमाणूस म्हणून सगळे वाखाणायचे त्याला. देवमाणूस असण्याचा फायदा आजवर फक्त दुसऱ्यांना झाला होता.

आता उट्टं काढायचं हे तिने त्या नळापाशीच ठरवलं. पण कसं? पावलं चुकवावीत, मागेपुढे करावीत, सिनेमाचा विचका करावा? ते तर तिच्या हातचा मळ. पण सिनेमा पडला तर दादाच्या नऊ चालीही त्याच्याबरोबर खड्ड्यात. पाहुणा दुसरा सिनेमा काढील, दादा दुसऱ्या नऊ चाली कुठून काढील? पाहुण्याला पाणी पाजायचं आणि दादाच्या केसाला धक्का लावायचा नाही, असं काहीतरी हवं होतं. दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी पाहुण्याने स्वतःच ते आणून तिच्या हातात दिलं.

पिवळा कागद. ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'नायकाची पावलं हलकी. जमिनीला लागूच नयेत अशी. तो माणूस नाही, स्वप्न आहे.' त्याखाली दुसरी सूचना: 'लंगड्याची पावलं जड, घासत येणारी. तो आला की लोक हसले पाहिजेत.' खाली सही, तिच्या शेपटाला तीन वळणं.

"लंगडा कोण?" ताईने विचारलं. पहिल्यांदा बघताना गाण्यांनी तिचं डोकंच ताब्यात घेतलं होतं, बाकी काही तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अहो, तो मागून येणारा ढोलकरी! गंमत म्हणून घातलाय. माझ्या मागे मागे फिरत असतो सबंध सिनेमाभर."

तिने पुन्हा लावून बघितलं. पांढऱ्या सुटामागे, प्रत्येक गाण्यात, एक मळका माणूस गळ्यात ढोल अडकवून फरपटत येत होता. पडत होता, लोकांच्या लाथा खात होता. डावा पाय आखूड. आणि थांबला की उजव्या हाताचा अंगठा कमरेत रुतवून उभा राहायचा. दादा उभा राहतो तसा. अगदी तसाच. वही नेली, टेप नेली, आणि जाताना दादाचा लंगडा पायसुद्धा हसायला घेऊन गेला होता हा माणूस!

ताईने पिवळ्या कागदाकडे पुन्हा बघितलं, सावकाश वाचला, आणि तिला हसू आलं. "साहेब," ती म्हणाली, "अगदी लिहिलंय तस्संच करते."

तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या गुरुजींचं एकच सांगणं होतं. नटाला पडद्यावर कुणीही दाखवील, पण जमिनीवर उभा तू करतेस. पायाखाली वजन ऐकू आलं की बघणारा म्हणतो, आहे हा माणूस, खरा आहे, याला लागलं तर दुखेल. वजन ऐकू नाही आलं तर बघणाऱ्याला कळत काही नाही, पण त्याचं मन त्या नटावर बसत नाही. घसरतं.

अकरा दिवस खटखटताई गुडघ्यांवर बसून पाहुण्याची पावलं टाकत होती. हातांनी. पांढरे बूट पंज्यांत, कोपरं सैल, मनगटातून टक, टक. छतावर टक, जिन्यावर टक, समुद्रावर थोडं पाणी. एक पाऊल इकडचं तिकडे नाही. डोळ्याच्या अर्ध्या उघडझापीचासुद्धा फरक नाही. तिच्या सव्वीस वर्षांतलं सगळ्यात चोख काम. पाचव्या दिवशी मौनीबाबाने कानांवरचं यंत्र काढलं, तिच्याकडे बघितलं, भिंतीवरच्या पिवळ्या कागदाकडे बघितलं, आणि पुन्हा यंत्र कानांना लावलं.  दुसऱ्या दिवशी तिच्या गुडघ्यांखाली घ्यायला घरून उशी घेऊन आला.

मग लंगड्याची पाळी आली, आणि तिथे ताई अडली. किती जोडे बदलले, एका पायाखाली वीट बांधली, घोट्याला वाळूची पिशवी बांधली. छे! धडधाकट बाईने लंगडण्याचं सोंग आणलं की सोंगासारखंच ऐकू येतं. घरी भिंतीपलीकडून जन्मभर ऐकलेलं पाऊल, पण पायातून निघेना. शेवटी एका दुपारी ती दादाला घेऊन आली. "गुडघे गेलेत माझे. एका लंगड्या माणसाची पावलं टाकायची आहेत. येतोस?"

"चला," दादा म्हणाला, "या पायाला कुठेतरी मागणी आली म्हणायची."

कुणाचा सिनेमा ते तिने सांगितलं नव्हतं. पडद्यावर चित्र आलं, मुकं, आवाजाशिवाय. पांढरा सूट पुढे, ढोलकरी मागे. दादा फळ्यांवर उभा होता. त्याने पाहुण्याला ओळखलं आणि जरा हसला. मग त्याने ढोलकऱ्याकडे बघितलं. ढोलकरी पडला. उठला. अंगठा कमरेत रुतवून उभा राहिला.

दादाचा स्वतःचा अंगठा त्या क्षणी कमरेतच होता. त्याने तो काढून घेतला आणि हाताकडे बघत राहिला.

 आपण काय करून बसलो असं ताईला झालं. ती पुढे होऊन म्हणाली, "दादा, राहू दे. चल घरी." आणि त्याने नेहमीचे दोन शब्द म्हणावेत म्हणून वाट बघू लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिला ते ऐकायचे होते.

दादा ते म्हणाला नाही. "पुन्हा लाव," त्याने काचेकडे बघून सांगितलं. "पहिल्यापासून."

आणि तो चालला. उजवा पाय ठाक, मग डावा, दोन इंची तळ फळीवर घासत, खर्रर्र, ठक. ठाक, खर्रर्र, ठक. तीन दिवस चालला. वाळूत, दगडावर, पत्र्यावर, पाण्यात. ढोलकरी पडला की दादा खरोखर पडायचा. उशी सरकवली तर पायाने दूर लोटायचा. कपाळाच्या शिरा तट्ट फुगलेल्या. शाळेतल्या पोरांपासून पाहुण्यापर्यंत जे जे जाऊ दिलं होतं ते सगळं त्या पायांत उतरलं होतं. काचेपलीकडे मौनीबाबा बोटांनी आवाजाचे काटे सांभाळत होता आणि बाहीने नाक पुसत होता.

सगळे आवाज एकत्र करायच्या दिवशी पाहुणा खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून बसला. ही त्याची जुनी खोड. गाणं लागलं की डोळे मिटायचे आणि मान डोलवायची. दादाशेजारी बसून तो एवढंच तर शिकला होता. त्याने गाणी ऐकली. पावलं ऐकली नाहीत. "वा!" डोळे उघडून म्हणाला, "माझी पावलं कशी, आहेत की नाहीत कळतच नाही!"

"कागदावर होतं तसंच केलंय," ताई म्हणाली.

पहिला खेळ दुपारी चारला होता. जुनं सभागृह, सहाशे खुर्च्या भरलेल्या, उतरती लाकडी वाट, समोर गालिचा घातलेला मंच. ताईने पासावर दादाला आणलं होतं, दोघं मागून तिसऱ्या रांगेत. सिनेमा सुरू झाला आणि ताई पडद्याकडे न बघता लोकांच्या मानांकडे बघू लागली.

पहिला अर्धा तास लोक चित्रांकडे आ वासून बघत होते. मग कुणीतरी खुर्चीत हललं. पांढरा सूट छतावरून चालला, तळ्यावरून चालला, ढगात शिरला, आणि लोकांचं मन त्याच्यावरून घसरू लागलं. कुणी जांभई दिली. पण ढोलकरी आला की माना एकदम सरळ व्हायच्या. ठाक, खर्रर्र, ठक. एवढ्या मोठ्या झगमगाटात तेवढा एकच माणूस जमिनीवर होता. तो पहिल्यांदा पडला तेव्हा चारदोन जण हसले. दुसऱ्यांदा पडला तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईच्या तोंडून "आई गं" निघालं. आठव्या गाण्यात पांढरा सूट आकाशात उडत होता आणि सहाशे माणसं पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघत होती, तो मळका माणूस जिना चढून पोचतो का म्हणून. पोचला तेव्हा टाळ्या पडल्या. गाणी त्याचीच वाटत होती, कारण त्याचीच होती.

दिवे लागले. पाहुणा मंचावर आला. लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा कार्यक्रम होता. जाड चष्म्याच्या एक समीक्षक बाई माईक घेऊन उठल्या. त्यांचं लिहिणं वाचून लोक तिकीट काढायचं की नाही ते ठरवतात असं म्हणत.

"नखरा भरपूर आहे," बाई म्हणाल्या, "डोळे दिपले. नायक मात्र मला सबंध सिनेमात दिसला नाही, कपडे दिसले. नुसतं एवढंच असतं तर मी उठून गेले असते. पण तो लंगडा! सगळा जीव त्याच्यात आहे. तो कोण?"

"तो?" पाहुण्याने हात झटकला. "तो कुणी नाही. ते एक प्रतीक आहे. माझ्याच मनातलं ओझं समजा. विनोदी अंगाने."

खुर्च्यांत कुजबुज झाली. ताईचं काम खरं तर इथे संपलं होतं. पाहुण्याचा सिनेमा पोकळ ठरला आणि दादाच्या चाली तरल्या, एवढंच तिने योजलं होतं. शेजारी दादा वाकून बुटाची नाडी आवळत होता.

"निघायचं का?" ती म्हणाली. "दार मागे आहे."

"माहीत आहे," दादा म्हणाला, आणि उठून मंचाच्या दिशेने चालू लागला.

ठाक. खर्रर्र. ठक.

लाकडी वाट. पुढची रांग वळली. मग त्यापुढची. दोन तास जो आवाज सहाशे माणसांच्या कानांत भरला होता तो आता त्यांच्या शेजारून चालत होता. रांगेमागून रांग वळत गेली. समीक्षक बाईंनी माईक खाली घेतला, चष्मा काढला, पुन्हा घातला. मंचावर पाहुण्याचं तोंड पांढऱ्या सुटाहून पांढरं पडलं.

दादा मंचापाशी थांबला. अंगठा कमरेत रुतवला. बाईंनी माईक त्याच्यापुढे धरला.

त्याने आपलं नाव सांगितलं. शाळेत पहिल्या दिवशी उभं करून विचारतात तेव्हा सांगतो तसं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. "नऊच्या नऊ चाली माझ्या आहेत," तो म्हणाला. "त्यांत एक सूर कुठेच नाही, शोधा म्हणजे सापडेल. तो का नाही ते बघायचं असेल तर पियानो घरी आहे. कुणीही या."

पाहुण्याने मंचावरून हसायचा प्रयत्न केला. "अरे, जाऊ दे ना! आपण काय परके आहोत? घरी बसून बोलू."

"घरी नको," दादा म्हणाला. "तू एकदा जेवायला बसलास की उठत नाहीस."

सभागृहात जे हसू फुटलं ते पाहुण्याने सबंध सिनेमाभर ढोलकऱ्यासाठी मागितलं होतं. आता मिळालं, फक्त पत्ता बदलला होता.

नंतर मंचामागच्या खोलीत पाहुण्याने ताईला गाठलं. "तुम्ही हे मुद्दाम केलंत! माझी पावलं पोकळ केलीत! मी तुम्हाला या धंद्यातून—"

ताईने पर्समधून पिवळा कागद काढून टेबलावर ठेवला. "हलकी मागितलीत, हलकी दिली. जड मागितलीत, जड दिली. सही कुणाची आहे बघा."

त्याने बघितली. तीन वळणांचं शेपूट. बाहेर समीक्षक बाईंचा आवाज ऐकू येत होता, दादाला काहीतरी विचारत होत्या, आणि भोवती माणसांची गर्दी. पाहुणा खुर्चीत बसला. बसला तो एकदम खचून, आणि खुर्ची करकरली. हे वजन त्याच्यात होतं तर, ताईला वाटलं.

"काय हवंय तुम्हाला?" त्याने विचारलं.

तिने कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. "इथे लिहा. संगीत, आणि त्यापुढे दादाचं नाव. उद्याच्या खेळापासून पडद्यावर, पहिल्या पाटीवर. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. खाली सही करा."

पाहुण्याने पेन काढलं. 'संगीत' लिहिलं. दादाचं नाव लिहिलं. मग पेन थांबलं. त्याने एकदा छताकडे बघितलं, एकदा कागदाकडे.

"वडिलांचं नाव काय होतं?"

 नऊ वर्षं. त्याच्या ताटासमोरच्या भिंतीवर त्यांचा फोटो होता, खाली नावाची पाटी. रोज त्यांच्यासमोर बसून याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

"आत्ताच सहाशे जणांनी ऐकलं," ती म्हणाली. "बाहेर उभे आहेत सगळे. जा, त्यांतल्या कुणालाही विचारून या."

 तो उठला, आणि हातात पेन घेऊन विचारायला बाहेर गेला.